ग्रेट निकोबारचा झाडोरा सोलापुरात बसून कसा मोजायचा: फुकटच्या सॅटेलाइट इमेजवरून, पायरीपायरीनं

आधीच सांगतो, एनडीव्हीआय (हिरवळ किती आहे हे सांगणारा आकडा) काढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, दोन मिनिटांत होतं, आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ तिथंच संपतात. हिरवा नकाशा स्क्रीनवर आला की लोक खूश. पण उष्ण कटिबंधातल्या बेटावर खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर असते, आधी ढग काढायचे आणि नंतर हे हिरवं नेमकं कशाचं ते ठरवायचं. आपण सोलापूरकर इथंच फसतो, कारण आपल्याकडं वर्षातले सात-आठ महिने आभाळ मोकळं, कुठल्याही तारखेची इमेज उघडा, बांध अन् बांध दिसतो. त्या सवयीनं बेटाची इमेज उघडली की पांढऱ्या कापसाशिवाय काही दिसत नाही आणि माणूस लॅपटॉप बंद करून चहाला जातो.

उदाहरणाला ग्रेट निकोबार घेतोय. भारताचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, याच बेटावर आहे. बेट साधारण हजार चौरस किलोमीटरचं, विषुववृत्तापासून जेमतेम सात अंश वर, उत्तरेकडं ६४२ मीटरचा माउंट थुलियर, दक्षिणेला वाहत जाणारी गलाथिया नदी, आणि वस्ती-किनारा सोडला तर जवळजवळ सगळं सदाहरित जंगल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्याकडं साडेपाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतो. पोरं विचारतात, 'सर, उजनी सोडून निकोबार कशाला?' तर एक कारण असं की २०२२ मध्ये तिथल्या १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमिनीचा वापर बदलायला केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिलीय, बंदर, विमानतळ, टाउनशिप वगैरेसाठी. त्यावर बाजूनं आणि विरोधात भरपूर बोललं जातं, पण जंगल आज किती आहे आणि दरवर्षी किती कमी-जास्त होतंय हे स्वतः मोजून बघणारे फार थोडे. आणि ते घरी बसून, पैसे न देता बघता येतं.

सामान काय लागतं

भारी लॅपटॉप लागत नाही. गूगल अर्थ इंजिनचं खातं काढा, शिक्षण-संशोधन किंवा बिनव्यावसायिक वापराला ते फुकट आहे, फक्त रजिस्टर करताना एक क्लाउड प्रोजेक्ट बनवायला लागतो आणि तिथं दोन-चार प्रश्न विचारतात, खरी उत्तरं द्या. हिशोब सगळा गूगलच्या सर्व्हरवर होतो, तुमच्याकडं चार जीबी रॅम असली तरी चालतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चालतं. कोडची भीती वाटत असेल तर कोपर्निकस ब्राउझर (सॅटेलाइट इमेज बघायची वेबसाइट) उघडा, त्यात बटणं दाबून तारीख निवडता येते, ढगांची टक्केवारी लावता येते, एनडीव्हीआय बघता येतो. फक्त डोळ्याला बघायला ते पुरेसं आहे, मोजायला नाही. तिसरं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, तेही फुकट, शेवटचा नकाशा नीट मांडायला आणि हातानं सीमा काढायला लागतं. इमेज डाउनलोड करून काम करायच्या फंदात शक्यतो पडू नका, सेंटिनेल-२ या उपग्रहांची एक टाइल (इमेजचा चौकोनी तुकडा) शंभर बाय शंभर किलोमीटरची, साइज जवळपास एक जीबीपर्यंत जाते, आणि पाच वर्षांचं काम म्हटलं तर हार्ड डिस्क भरेल पण काम होणार नाही.

डेटा मुख्यतः सेंटिनेल-२ चा. युरोपियन स्पेस एजन्सीचे हे उपग्रह, पहिला जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, तिसरा सप्टेंबर २०२४ मध्ये (जानेवारी २०२५ मध्ये त्यानं पहिल्याची जागा घेतली), दोन उपग्रह मिळून एकाच जागेवरून दर पाच दिवसांनी जातात. निळा, हिरवा, लाल आणि निअर इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) हे चार बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, १० मीटरचे, म्हणजे एक पिक्सेल १० बाय १० मीटर, शंभर पिक्सेलचं एक हेक्टर. अख्खं ग्रेट निकोबार म्हणजे साधारण एक कोटी पिक्सेल. अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा आणि एक उपग्रह १६ दिवसांनी येतो, पण त्याचा इतिहास १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून तो सगळा फुकट आहे, त्यामुळं जुन्या काळात जायचं तर त्याला पर्याय नाही.

अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेल-२ शोधलं की दोन-तीन कलेक्शन दिसतात. त्यातलं सरफेस रिफ्लेक्टन्सचं (जमिनीवरून परतलेल्या प्रकाशाचं, हवेचा परिणाम काढलेलं), आणि नावात 'हार्मोनाइज्ड' असलेलं तेच घ्या. २५ जानेवारी २०२२ पासून डेटाच्या आकड्यांत १००० ची भर पडायला लागली, हार्मोनाइज्ड नसलेलं घेतलंत तर २०२१ आणि २०२३ ची तुलना करताना सगळ्या बेटावर बदल झालाय असं दिसेल आणि तुम्ही पेपरला बातमी द्यायला जाल.

आधी घरच्या रानावर सराव

निकोबारच्या आधी सोलापूर जिल्ह्यावर एकदा हात बसवा, कारण इथं उत्तर तुम्हाला डोळ्यांनी माहीत आहे. मार्च महिना घ्या. मंगळवेढ्याकडं ज्वारी काढून झालेली, रानात नुसती धसकटं. अशा रानात लाल बँड समजा ०.१८ आणि निअर इन्फ्रारेड ०.२४ आला, तर वजाबाकी ०.०६, बेरीज ०.४२, भागाकार केला की एनडीव्हीआय ०.१४. आता पंढरपूर-माळशिरसकडं उभ्या उसावर जा, लाल ०.०४, इन्फ्रारेड ०.३२, वजाबाकी ०.२८ भागिले ०.३६, म्हणजे ०.७८. पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, एवढाच त्यामागचा खेळ.

मग नान्नजच्या माळढोक अभयारण्यावर या. मार्चमध्ये तिथलं गवत वाळलेलं, एनडीव्हीआय उसाच्या निम्म्यानंही नाही. म्हणजे नकाशावर जिल्ह्यातली सगळ्यात हिरवीगार जागा कुठली तर उजनीच्या पाण्यावरचा ऊस, आणि पक्ष्यांच्या दृष्टीनं ज्या माळरानाला एवढं महत्त्व ते पिवळट पडीक. हे एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघितलं की हिरवं म्हणजे जंगल हा समज कायमचा जातो, आणि बेटावर काम करताना ते लई उपयोगाला येतं, कारण तिथं उसाच्या जागी नारळ-सुपारी आहे.

बेटाची हद्द स्वतः काढा

इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार सीमा बेटांच्या बाबतीत बेभरवशाच्या असतात, कधी किनारा सरकलेला, कधी कोपरे कापलेले. निकोबारच्या बाबतीत आणखी एक भानगड. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानं इंदिरा पॉइंटची जमीन सव्वाचार मीटरच्या आसपास खाली गेली, तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. त्यामुळं कुठल्याही जुन्या नकाशावरून घेतलेली सीमा आज समुद्रात जाते, आणि त्या पाण्याला तुम्ही 'नष्ट झालेलं जंगल' म्हणून मोजून मोकळे होता.

म्हणून हिरवा बँड आणि निअर इन्फ्रारेड वापरून एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा तसाच आकडा) काढा, शून्याच्या आसपास कट लावा, पाणी आणि जमीन वेगळी होते. बरीच वर्षं एकत्र करून केलेलं बरं, कारण भरती-ओहोटीनं रोजचा किनारा बदलतो. मग जमिनीची ती हद्द आतल्या बाजूला एक-दोन पिक्सेल आत ओढून घ्या. किनाऱ्यावरचा पिक्सेल अर्धा वाळू, अर्धा फेस असतो, त्याच्यावर विश्वास ठेवून काही सांगता येत नाही. मॅन्ग्रोव्ह मोजायचे असतील तर मात्र हा नियम सोडा, कारण कांदळवन नेमकं त्याच पट्ट्यात असतं. त्यासाठी वेगळी हद्द आणि शक्यतो ओहोटीच्या वेळच्या इमेज.

ढग

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा.

निकोबारला दोन्ही मान्सून भेटतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा. त्यातल्या त्यात मोकळा काळ जानेवारी ते एप्रिल. म्हणून दरवर्षीचा तोच चार महिन्यांचा तुकडा घ्यायचा, वर्षभराचा नाही. याचा दुसराही फायदा आहे, सूर्याची उंची दरवर्षी सारखी राहते. सात अंश अक्षांशावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्याअखेर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जानेवारीत तो दक्षिणेकडं बराच कललेला असतो आणि डोंगराच्या उत्तर उतारावर सावली पडते. एका वर्षीची जानेवारीतली आणि दुसऱ्या वर्षीची एप्रिलमधली इमेज शेजारी ठेवली तर तो उतार आपोआप 'जास्त हिरवा' झालेला दिसेल, झाड एकही न वाढता.

चार महिन्यांत उपग्रहाच्या साधारण चोवीस फेऱ्या होतात. त्यातली एखादी पूर्ण स्वच्छ इमेज शोधत बसू नका, ती मिळत नाही. बेटावर सकाळी साडेदहाच्या सुमारास उपग्रह जातो तोवर डोंगरावर छोटे-छोटे ढग तयार झालेले असतात, आणि प्रत्येक ढगाची शेजारी एक सावली. करायचं काय तर प्रत्येक इमेजमधले ढगाळ पिक्सेल काढून टाकायचे आणि उरलेल्या तुकड्यांतून एक गोधडी शिवायची.

पिक्सेल काढायला दोन रस्ते आहेत. एक, डेटाबरोबर येणारा सीन क्लासिफिकेशनचा थर, ज्यात ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे पातळ, उंचावरचे सिरस ढग. हा बरा आहे पण चमकणारी वाळू आणि किनाऱ्यावरचा फेस यांना तो ढग समजतो आणि ढगाच्या कडा व सावल्या सोडून देतो. दुसरा, गूगलचा क्लाउड स्कोअर प्लस, तो प्रत्येक पिक्सेलला शून्य ते एक असे मार्क देतो, एक म्हणजे एकदम मोकळा. मी दुसरा वापरतो. ०.६० पासून सुरुवात करा, नकाशावर पांढुरके डाग राहिले तर ०.६५ करा, फारच पिक्सेल उडाले तर ०.५५. हा आकडा एकदा ठरला की सगळ्या वर्षांना तोच ठेवायचा, दरवर्षी सोयीनं बदलायचा नाही.

इमेजच्या एकूण ढगांच्या टक्केवारीवर गाळणी लावताना सांभाळून. आपल्याकडं २० टक्क्यांच्या वरचं सगळं फेकलं तरी चालतं. तिकडं तसं केलं तर हातात चार-दोन इमेज राहतील. ती टक्केवारी समुद्रासकट अख्ख्या टाइलची असते, बेट मोकळं आणि समुद्रावर ढग असंही होतं, त्यामुळं ८० टक्क्यांपर्यंतच्या इमेज ठेवा आणि काम पिक्सेल-मास्कवर, म्हणजे वरच्या पिक्सेल गाळायच्या पायरीवर सोडा.

आता उरलेल्या पिक्सेलचं एकच चित्र कसं करायचं? बरेच जण कमाल एनडीव्हीआय घेतात, म्हणजे प्रत्येक जागेचा त्या काळातला सगळ्यात हिरवा आकडा. ढग आपोआप जातात हे खरं, पण फेब्रुवारीच्या शेवटी तोडलेलं जंगल जानेवारीच्या हिरव्या आकड्यामागं लपून जातं. तोडच शोधायचीय तर हे चालत नाही. मेडियन घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला.

मेडियनलाही एक अट आहे. समजा एका पिक्सेलला फक्त दोनच मोकळी निरीक्षणं मिळाली, ०.८८ आणि एक ढगाची कड सुटून राहिलेली ०.३०. दोघांचा मेडियन म्हणजे मधलं, ०.५९, झालं, अर्धं जंगल गेलं. तीन असती, ०.८८, ०.८६, ०.३०, तर मेडियन ०.८६, खराब आकडा बाजूला पडला. म्हणून मोकळ्या निरीक्षणांची संख्या मोजणारा एक वेगळा थर बनवा, अर्थ इंजिनमध्ये काउंट रिड्यूसर लावला की होतो, आणि जिथं तीनपेक्षा कमी तिथं नकाशावर राखाडी रंग, 'माहिती नाही'. डोंगरमाथ्यावर असे राखाडी पट्टे बऱ्यापैकी येतील. येऊ द्या. कोणी निकोबारचा एकही भोक नसलेला वार्षिक नकाशा दाखवला तर आधी त्याला हा काउंटचा थर मागा. राखाडी फारच वाटला तर दोन वर्षांचे जानेवारी-एप्रिल एकत्र करा, म्हणजे २०२१-२२ विरुद्ध २०२३-२४ अशी तुलना, वेळ जाडसर होते पण भोकं भरतात.

कुठला इंडेक्स

सदाहरित जंगलावर एनडीव्हीआय तुंबतो, म्हणजे एका आकड्याच्या वर फारसा चढत नाही. बघा की, दोन पिक्सेल घेऊ. पहिला दाट जंगल: इन्फ्रारेड ०.३६, लाल ०.०२, निळा ०.०१५. एनडीव्हीआय ०.८९. दुसरा जरा विरळ झालेला: इन्फ्रारेड ०.३०, लाल-निळा तेवढेच. एनडीव्हीआय ०.८७ किंवा ०.८८. फरक दोन शतांशाचा, तो हवेतल्या धुरकटपणानंही येतो. आता ईव्हीआय काढा, त्याचं सूत्र असं: इन्फ्रारेड वजा लाल, गुणिले २.५, आणि खाली इन्फ्रारेड अधिक सहा पट लाल वजा साडेसात पट निळा अधिक एक. पहिल्याला ०.६२ येतो, दुसऱ्याला ०.५४ च्या आत. फरक दिसला. म्हणून बेटावर एनडीव्हीआय हा झाड आहे की नाही एवढ्यापुरता, आणि किती दाट आहे यासाठी ईव्हीआय.

आणि तोड शोधायला तिसराच, एनबीआर. नाव जळालेल्या जंगलावरून पडलंय पण तोडीलाही चांगला चालतो. इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा, म्हणजे सेंटिनेलच्या बँड ८ आणि बँड १२ चा, तोच वजाबाकी भागिले बेरीज हिशोब. बँड १२ वीस मीटरचा आहे तेवढं ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग असा की त्या पावसात उघडी पडलेली जमीन काही महिन्यांतच गवत आणि वेलींनी झाकली जाते, एनडीव्हीआय परत वर चढतो, वर्षानं बघणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. एनबीआरला परत जागेवर यायला जास्त वेळ लागतो, कारण शॉर्टवेव्हला पानांतलं पाणी आणि झाडांच्या थरांची खोली कळते.

जंगल कुठलं, बाग कुठली

भारतीय वन सर्वेक्षण संस्था, डेहराडूनची, साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. त्यात वनाच्छादनाची व्याख्या अशी: एक हेक्टरपेक्षा मोठी जागा, छत्राची घनता १० टक्के किंवा जास्त, मग ती जमीन कोणाचीही असो आणि झाड कुठलंही असो. म्हणजे नारळाची बाग, आंब्याची बाग, सगळं त्यात आलं. ती व्याख्या चूक आहे असं मी म्हणत नाही, देशभर एकसारखं मोजायला तशीच काहीतरी लागते, पण तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळवायला जाल तेव्हा दोघं एकच गोष्ट मोजताय का हे आधी बघा.

बेटावर पूर्व किनाऱ्याला कॅम्पबेल बेच्या आसपास १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती, आणि त्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या बागा आहेत. एनडीव्हीआयला या बागा आणि शेजारचं जंगल यात फरक कळत नाही. म्हणून वर्ग पाडायचे: पाणी, उघडी जमीन-बांधकाम, गवत-झुडूप, बागा, कांदळवन, जंगल. प्रत्येक वर्गाचे नमुने गूगल अर्थच्या जवळून दिसणाऱ्या इमेजवर बघून हातानं काढा. नारळाची बाग वरून चांदण्या-चांदण्या ओळीत मांडल्यासारखी दिसते, नैसर्गिक जंगलाचा माथा ओबडधोबड, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा असतो. नमुने बेटभर पसरलेले हवेत, एकाच कोपऱ्यातले नकोत, आणि त्या इमेजची तारीख बघून घ्या, पाच वर्षं जुन्या फोटोवर आजचा नमुना ठरवू नका.

मग रँडम फॉरेस्ट क्लासिफायर, म्हणजे नमुने बघून प्रत्येक पिक्सेलचा वर्ग ठरवणारा प्रोग्राम. अर्थ इंजिनमध्ये तयार आहे, शंभर-दोनशे ट्री (त्यातले निर्णयवृक्ष) पुरतात. त्याला नुसते बँड देऊ नका. बँड, तिन्ही इंडेक्स, उंची आणि उतार, आणि पोत म्हणजे टेक्स्चर हे सगळं द्या. उंचीचा थर एसआरटीएमचा (अंतराळातून रडारनं मोजलेली उंची), फेब्रुवारी २००० मधला, ३० मीटरचा, पुरतो. टेक्स्चर आणि उंची दिल्यावर बागांचा गोंधळ बराच कमी होतो, कारण बागा सखल किनाऱ्यालाच असतात. कांदळवनालाही उंचीच वाचवते.

तयार नकाशे आहेत ना, मग ही उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. आहेत. वर्ल्डकव्हर २०२० आणि २०२१ चा १० मीटरचा, डायनॅमिक वर्ल्ड, मेरीलँड विद्यापीठाचा २००० सालापासूनचा वनहानीचा नकाशा. तिन्ही बघा, तुमच्या नकाशाशेजारी ठेवा, पण जगासाठी बनवलेला नकाशा एका छोट्या बेटावर किती बरोबर हे तुम्हालाच तपासायला लागतं. शिवाय वर्ल्डकव्हरची २०२० आणि २०२१ आवृत्ती एकमेकांतून वजा करू नका, दोन्ही वेगळ्या पद्धतीनं बनल्यात, येणारा फरक पद्धतीचाही असतो.

रडारची मदत

मे ते डिसेंबर काय झालं हे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या इमेजवर कळणारच नाही. तेव्हा सेंटिनेल-१, हा रडारचा उपग्रह. रडारला ढग अडवत नाहीत, रात्रही अडवत नाही. तोड झाली की व्हीएच सिग्नल (रडारचा झाडोऱ्याला जास्त दाद देणारा सिग्नल) कमी होतो. पण एकटी इमेज खसखशीसारखी ठिपकेदार दिसते, म्हणून तीन-चार तारखांची सरासरी घ्या, आणि डोंगराच्या तीव्र उतारांवर रडारचं काही खरं नसतं, ते उतार सरळ वगळा. जोराच्या पावसानंतर ओली जमीनही आकडा बदलते. माझ्या मते रडारचा उपयोग इशाऱ्यापुरता, 'इथं काहीतरी झालंय', आणि पक्कं करायला जानेवारीतल्या ऑप्टिकल इमेजची वाट बघायची.

२००४ पर्यंत मागं जायचं असेल तर

त्सुनामीच्या आधी-नंतरचं बघायला लँडसॅट ७ लागतो, आणि नेमका तोच ३१ मे २००३ ला अर्धा आंधळा झालेला, स्कॅन लाइन करेक्टर बिघडल्यामुळं प्रत्येक इमेजमध्ये पट्टे, साधारण २२ टक्के भाग रिकामा. ढग अधिक पट्टे, म्हणजे एका वर्षात काही मिळत नाही. आधीची तीन वर्षं एकत्र, नंतरची तीन वर्षं एकत्र असं करा. किनाऱ्याचा सखल भाग आणि कांदळवनाचे पट्टे गेलेले ठसठशीत दिसतात, आणि नंतरच्या वर्षांत नव्यानं पाण्याखाली आलेल्या खाजणात कांदळवन परत धरताना दिसतं. लँडसॅट आणि सेंटिनेलचे आकडे थेट एकमेकांना लावू नका, बँडची रुंदी वेगळी, पिक्सेल वेगळा. लँडसॅटच्या कलेक्शन २ चा डेटा वापरताना कच्च्या आकड्याला ०.००००२७५ नं गुणून ०.२ वजा करायचं असतं, ते विसरलं की इंडेक्स वेडेवाकडे येतात.

आकडा सांगण्याआधी तपासणी

हा भाग लोक गाळतात, आणि माझं सगळ्यात मोठं भांडण इथंच आहे. समजा तुमच्या नकाशावर ५०० हेक्टर जंगल गेलेलं दिसतंय, बाकी एक लाख हेक्टर जैसे थे. गेलेल्या भागात १०० बिंदू कुठंही टाकून एकेक बघितले, ८० खरंच गेलेले, २० चुकीचे. म्हणजे ५०० चे ४०० झाले. आता जैसे थे भागात २०० बिंदू टाकले, १९९ बरोबर, फक्त एका ठिकाणी जंगल खरंतर गेलेलं होतं पण नकाशानं पकडलं नाही. एकच चूक, अर्धा टक्का. पण एक लाखाचा अर्धा टक्का म्हणजे ५०० हेक्टर! अंदाज झाला ९०० हेक्टर, आणि त्याला मागं-पुढं भली मोठी चूक लागलेली, कारण सगळा डोलारा त्या एका बिंदूवर. तो पुढच्या वेळी नाही सापडला तर ४००, दोन सापडले तर १४००.

म्हणून 'अचूकता ९८ टक्के' हे वाक्य बेटाच्या बाबतीत काहीच सांगत नाही, सगळंच जंगल असलेल्या बेटावर सगळीकडं जंगल असं लिहून दिलं तरी ९५ टक्क्यांच्या वर मार्क पडतात. बिंदू जास्त टाका, खास करून गेलेल्या भागाच्या आसपास, रस्त्यांच्या कडेला एक वेगळा पट्टा करून तिथं वेगळे टाका, कारण तोड तिथूनच सुरू होते. आणि ट्रेनिंगला वापरलेले नमुने तपासणीला वापरायचे नाहीत. बिंदू तपासणारा माणूसही शक्यतो दुसरा असावा, नकाशा न बघितलेला. मित्राला चहा पाजा आणि बसवा.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणं इथं सोडून द्या. बेटाचा मोठा भाग शोंपेन आणि निकोबारी या आदिवासी लोकांसाठी राखीव आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. नकाशा बाहेर देताना आतल्या भागातल्या छोट्या मोकळ्या जागांचे नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका, त्या कोणाच्या तरी राहण्याच्या जागा असू शकतात. एक किलोमीटरच्या चौकटीत बेरीज करून दिली तरी लोकांना जे कळायचं ते कळतं.

क्षेत्रफळ आणि शेवटची फाइल

हेक्टर मोजताना प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बघा. ग्रेट निकोबार यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारं प्रोजेक्शन) झोन ४६ उत्तरमध्ये येतं, सोलापूर ४३ मध्ये. सराव केलेली क्यूजीआयएसची फाइल तशीच उघडली तर झोन ४३ च राहतो. वेब मर्केटरमध्ये (वेबवरच्या नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन) तर कधीच मोजू नका, सात अंशांवर त्यात दीडेक टक्का क्षेत्र फुगतं, सोलापूरच्या अक्षांशावर दहा टक्के. अर्थ इंजिनमध्ये पिक्सेल एरियाचा थर गुणून बेरीज करा, झंझट मिटली.

नकाशाच्या खाली एवढं लिहा: कुठले महिने, कुठली वर्षं, ढगाचा कट किती, राखाडी भाग किती टक्के, तपासणीचे बिंदू किती, अंदाज किती आणि मागं-पुढं किती. स्क्रिप्टमध्ये वर्ष हे एकच चल ठेवा, सगळ्यात वर. पुढच्या मे महिन्यात ते एक वर्षानं वाढवायचं, रन दाबायचं आणि नवीन आलेल्या लाल डागांची तपासणी परत करायची, डाग पाच असोत की पन्नास.